खडूचे आकडे

कोठाराचं दार ढकललं आणि मला आधी वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी शिरलो.

दगड तेच होते. जमिनीवर फळ्या टाकून त्यांवर ओळीनं मांडलेले, चारशेच्या वर. पण स्वच्छ. सकाळच्या उजेडात पिवळसर चमकत होते, घासूनपुसून मांडणीत लावलेल्या पितळी भांड्यांसारखे. शुक्रवारी संध्याकाळी मी इथून निघाले तेव्हा प्रत्येक दगडाच्या वरच्या अंगावर पांढऱ्या खडूनं आकडा लिहिलेला होता, माझ्या हातानं. आता एकावरही नव्हता.

मी वाकले. ओल्या दगडावर खडू दिसत नाही, वाळला की उमटेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि हात फिरवला. दगड ठणठणीत कोरडा होता. दुसरा बघितला, तिसरा बघितला, मग ओळबिळ सोडून हाताला येईल तो बघत सुटले. मी तशी घाबरट नाही. मागांच्या खडखडाटात वाढलेली बाई आहे. पण त्या कोठारात इतकं शांत होतं, की माझा श्वास मला ऐकू येत होता आणि तो धड नव्हता.

कोपऱ्यात बादली पालथी घातलेली होती. तिच्यावर दोन तारेचे ब्रश, नीट धुऊन वाळत ठेवलेले. आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या दगडावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली.

कोणी, ते मला तिथंच कळलं. का, ते कळायला वेळ लागला.

ही गोष्ट इंग्लंडातली, यॉर्कशरमधली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझा नवरा रणजित कापडाच्या रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होता आणि मी जुन्या इमारतींची कामं घेणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये इंजिनियर. तिकडं अशा इमारतींची सरकारी यादी असते. यादीत नाव लागलं की मालकालासुद्धा खिडकी बदलायची तर परवानगी काढावी लागते, आणि न विचारता हात लावला तर तो गुन्हा धरतात. क्रॅगशॉ नावाच्या गावाबाहेर रस्त्याच्या वळणावर एक टोलनाका होता. घोडागाड्यांच्या काळातला, आठ कोनांचा, तीन बाजूंच्या खिडक्यांतून रस्त्यावर नजर ठेवून असलेला. तो यादीत होता. रस्ता रुंद व्हायचा होता आणि नाका बरोबर आड येत होता. बरीच भांडणं होऊन असं ठरलं, की नाका दगड न् दगड सुटा करायचा, मागच्या शेतात हलवायचा आणि तसाच्या तसा परत उभा करायचा. गावचं पोस्ट बंद पडलं होतं. ते त्यात सुरू होणार होतं, आणि जोडीला दोन टेबलांचं चहाघर. अट एकच. नाताळच्या आधी भिंती उभ्या राहिल्या पाहिजेत. नाही राहिल्या तर परवानगी संपणार आणि दगड नव्या रस्त्याखाली खडी म्हणून जाणार.

हे माझं पहिलं स्वतंत्र काम. आमचे मालक मिस्टर ॲक्रॉइड मला 'मिसेस इंगल' म्हणायचे. इंगवले हे आडनाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. खडूची युक्ती त्यांचीच. रंगानं आकडे घातले तर दगडाला डाग पडतो आणि यादीवाले बोंब मारतात. पत्र्याचे बिल्ले सोमवारी यायचे होते. तोवर खडू पुरे, कोठारात पाऊस थोडाच येतोय, असं ते म्हणाले होते.

पाऊस आला नव्हता. आत्या आली होती.

आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या आणि सासू, दोन्ही. आमच्याकडं आतेभावाला मुलगी देतात, त्यात नवल नाही. लहानपणापासून मी तिला 'अगं आत्या' म्हणत आले. लग्नानंतर चारचौघांत 'अहो' झालं, घरात 'अगं'च राहिलं. तिचे यजमान, म्हणजे माझे मामा, आमच्या गावच्या जकातनाक्यावर कारकून होते. पंचगंगेच्या काठचं मागांचं गाव आमचं. सुताची गाठोडी, गुळाच्या ढेपा, सगळं त्या काळ्या दगडाच्या नाक्यावरून आत यायचं, आणि मामा उभा जन्म तिथं बसले. ते गेल्यावर दुसऱ्या वर्षी रणजितनं तिला इकडं आणली. तीन महिने झाले तरी ती कशात रमली नव्हती. घर घासून घासून तिनं आमच्या भाड्याच्या घराचा रंग उतरवला होता. त्या शनिवारी रणजितच्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं, लंडनला. आत्याला गाडी लागते, ती येईना. तेव्हा डोरीन म्हणाली, "ठेव माझ्याकडं. दोन दिवस मलाही सोबत होईल."

डोरीन सटक्लिफ म्हणजे त्या टोलनाक्यात जन्मलेली बाई. सत्तरीची, उंच, बोलायला फटकळ. तिची पणजी त्या खिडकीतून टोल घ्यायची. कोठार डोरीनचं, शेतही तिचंच. आणि हे सगळं देऊनही ती मनातून नाराज होती. नाका हलवण्याच्या सुनावणीत तिनं उभं राहून सांगितलं होतं, "हे घर जिथं जन्मलं तिथंच आहे. हललेलं घर म्हणजे मेलेलं घर." शेवटी खडी होण्यापेक्षा हे बरं, म्हणून ती तयार झाली होती.

माझ्या मागं पावलं वाजली. ॲक्रॉइड आले होते, हातात बिल्ल्यांची पेटी. त्यांनी पेटी खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि ओळीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आले.

"आकडे कुठं आहेत?"

"पुसले."

"कोणी?"

"माझ्या सासूबाईंनी."

"का?"

"बुधवारी खंडेनवमी आहे म्हणून," मी म्हणाले. तोंडातून तेच आलं. हळदकुंकू बघितल्यापासून डोक्यात तेवढंच होतं. मग मला ते इंग्रजीत समजावून सांगावं लागलं, की वर्षातून एकदा आम्ही हत्यारं, यंत्रं, तराजू सगळं धुऊन पुसून पूजतो. ॲक्रॉइड ऐकत होते. यॉर्कशरचा माणूस, वैतागला तरी आवाज चढत नाही. पण आज ते वैतागलेले नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तेच मला सहन होईना.

"कायद्यानं बघितलं तर तुझ्या सासूबाईंनी गुन्हा केलाय," ते म्हणाले. "दगडावरची दीडशे वर्षांची काळी साय खरवडून काढलीय."

"आपल्याकडं नकाशा आहे."

"नकाशावर आकडे आहेत. दगडावर नाहीत. मग?"

मग काही नाही, हे मलाही दिसत होतं. कोठारात दगड उतरवले तसे मांडले होते, क्रमानं नव्हे, आणि सगळे एका उंचीचे घडवलेले. फोटो होते, पण फोटोत दिसतं ते बाहेरचं अंग, तिथल्या डागांवरून एखादा दगड ओळखावा म्हटलं तर डागच उरले नव्हते. आठ बाजू, प्रत्येक कोनाला तिरपा कापलेला दगड, एक चुकला की पुढची सगळी ओळ चुकणार. आणि नाताळ अडीच महिन्यांवर.

तेवढ्यात डोरीन आली. हातात चहाचा ट्रे, चेहऱ्यावर इतका आनंद, की मी मान खाली घातली.

"झालं की नाही छान?" ती म्हणाली. "दोन दिवस लागले आम्हाला. काय काम आहे त्या बाईला! मला वाटलं, तुम्ही तिला पुढं पाठवलंय म्हणजे तुमच्याच पद्धतीनं चाललं असेल. मी नुसती पाणी भरत होते, मग म्हटलं, मीही घेते ब्रश."

ॲक्रॉइडनी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. मग हळू आवाजात सांगितलं, काय झालंय ते. डोरीननं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर ती दगडांकडं बघत उभी राहिली. तिच्या नखांत अजून जुन्या चुन्याची पांढरी भुकटी होती.

"म्हणजे माझं घर मीच पुसलं," ती म्हणाली.

मी तिथून निघाले. रागानं कान तापले होते. इतकी वर्षं शिकले, परक्या देशात बाई म्हणून, काळी म्हणून शंभर जणांची बोलणी गिळली, तेव्हा कुठं हे एक काम हाताला लागलं होतं. आणि घरच्याच माणसानं ते दोन दिवसांत धुऊन टाकलं होतं.

आत्या डोरीनच्या स्वयंपाकघरात बसली होती. नऊवारीवर रणजितचा स्वेटर, समोर चहा. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"आलीस? बघितलंस का? ही गोरी बाई लई गुणाची आहे बघ. एक शब्द कळत न्हाई एकमेकींचा, पण हात चालतो तिचा."

"तुम्ही काय केलंत आत्या?"

घरात मी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"अहोजाहो कशाला करतीस?" ती म्हणाली. "काय झालं?"

"आकडे का पुसलेत? कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे?" तिला खरंच नवल वाटलं. "अगं, नाक्यावर खडूचा आकडा म्हणजे काय? जकात भरायची राहिली म्हणजे माल अडकवून ठेवायचा आणि त्याच्यावर आकडा घालायचा. आकडा पुसला की माल सुटला. तुझे मामा खंडेनवमीच्या आधी सगळे आकडे पुसून टाकायचे. म्हणायचे, सणाच्या तोंडावर कुणाचं काही अडकून राहू नये. ज्याचं राहिलंय त्यानं दसरा झाल्यावर आणून द्यावं. आणि मग मी नाका धुऊन काढायची. दर वर्षी, न चुकता. तूसुद्धा लहान असताना आली होतीस की एकदा माझ्याबरोबर, बादली धरायला."

मला ते आठवत होतं. त्यानं राग कमी झाला नाही.

"ह्या गोऱ्या बाईनं मला जुना फोटो दाखवला, पैसे घेतल्याची खूण केली आणि खिडकीतून हात केला, तिकडं नाका होता म्हणून. मोडून टाकलाय. आणि इथं कोठारात येते तर काय, सगळे दगड अडकवून ठेवलेले, एकूण एकावर आकडा. म्हटलं, मोडला तो मोडला, निदान सणाला मोकळं तरी व्हावं त्याला. ह्या बाईला तर कुणी वाली दिसत न्हाई."

"ते जकातीचे आकडे नव्हते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "प्रत्येक दगड कुठं बसवायचा त्याचा आकडा होता. कुठली बाजू, कितवा थर, कितवा दगड. ते बघून परत बांधायचं होतं. आता कसं बांधणार? तुम्ही माझं वाटोळं केलंत. माझं तर केलंतच, त्या म्हातारीचंही केलंत."

आत्यानं कप खाली ठेवला.

"मोडला नव्हता?" ती म्हणाली.

"सोडवला होता. परत बांधायला."

"परत म्हणजे? तस्साच?"

"तस्साच. दगड न् दगड."

"नाका?"

"हो, नाका."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मी भांडायच्या तयारीनं उभी होते. वाटलं होतं, रडेल, नाहीतर सासू होऊन चार शब्द सुनावेल. पण तिच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं, लहान पोरासारखं तोंड उघडं.

"अगं, नाक्याला तर सगळी दुनिया शिव्या घालते," ती हळूच म्हणाली. "तुझ्या मामांच्या तोंडावर घालायची माणसं. नाका कुणी परत बांधतं होय गं?"

आणि मग तिचं तिलाच समजलं. तिनं पदराचं टोक तोंडात कोंबलं. "आणि मी पुसलं," ती म्हणाली. "अगं आई गं. मी पुसलं."

मी तिच्याजवळ गेले नाही. माझा राग माझ्याच्यानं सोडवेना. तशाच होतो आम्ही दोघी, मी दाराशी उभी आणि ती टेबलाशी बसलेली, तेवढ्यात कोठारातून हाक आली.

"मिसेस इंगल!"

ॲक्रॉइडना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. मी धावले.

त्यांनी कोठाराचं दार लोटून अंधार केला होता आणि ते पहिल्या दगडापाशी गुडघे टेकून बसले होते. हातातली बॅटरी दगडावर आडवी धरलेली, अगदी पृष्ठभागाला टेकून. उजेड दगडावरून सरपटत जात होता, आणि त्या उजेडात, हळदकुंकवाच्या बोटांशेजारी, दगडात छिन्नीचे तीन घाव दिसत होते. तीन उभे, आणि बाजूला एक तिरपा.

"हे शुक्रवारी नव्हतं," मी म्हणाले.

"होतं. वर जुन्या चुन्याचा थर होता. आपण खडू घातला तो त्या थरावर." त्यांनी बोटानं घाव चाचपले. "तुझ्या सासूबाईंनी खडूबरोबर थरही काढला."

"गवंड्याची सही असेल. प्रत्येक गवंड्याची खूण असायची ना त्या काळी?"

"गवंड्याची खूण एकच असते. पुढचा बघ."

पुढच्यावर चार उभे आणि एक तिरपा. त्याच्या पुढच्यावर पाचासाठी फुली मारल्यासारखं काहीतरी. मी ओळीनं बघत गेले, दगडावरून दगडावर, बॅटरी आडवी धरून. कुठं तिरपा घाव डावीकडं, कुठं उजवीकडं, कुठं दोन. मघाशी याच ओळीतून मी वेड्यासारखी फिरले होते आणि एकही आकडा सापडला नव्हता. आता एकामागून एक दगडावर सापडत होता.

"हे आकडे आहेत," मी म्हणाले.

"हो."

"पण दगडाला आकडे कशाला घातले असतील? नवीन बांधताना..."

"नवीन बांधताना कोणी घालत नाही," ॲक्रॉइड म्हणाले. ते अजून गुडघ्यांवरच होते. "सुटं करून परत बांधायचं असेल तेव्हाच घालतात. मिसेस इंगल, हे घर आधी एकदा हललंय."

दारातली उजेडाची फट रुंद झाली. डोरीन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"कुठून?" तिनं विचारलं.

"ते दगड सांगत नाहीत. कुठून तरी आणलं आणि वळणावर उभं केलं."

"माझी पणजी..."

"तिच्याही आधी, डोरीन."

डोरीननं दाराची चौकट धरली. "मी त्या हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली, "की हललेलं घर मेलेलं असतं." एवढंच बोलली. ती पडेल की काय असं मला वाटलं. मी पुढं व्हायच्या आत तिच्या मागून कुणीतरी आलं. आत्या होती. तिनं डोरीनच्या काखेत हात घातला, पालथी बादली पायानं पुढं ओढली आणि तिला तिच्यावर बसवलं. "बस बाई," ती मराठीत म्हणाली, आणि डोरीन बसली.

मग आत्यानं बॅटरीच्या उजेडात दगडाकडं बघितलं.

"हे राहिलंच की पुसायचं," ती म्हणाली आणि तिचा हात ब्रशाकडं गेला.

मी आणि ॲक्रॉइड एकदम ओरडलो. मी मराठीत, ते इंग्रजीत, शब्द एकच. आत्यानं हात असा मागं घेतला जसा काही तवा लागला. आणि डोरीन, जी मिनिटापूर्वी पडायच्या बेतात होती, ती बादलीवर बसून हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं.

त्या खुणांची भाषा आम्हाला आठवडाभरात लागली. उभे घाव म्हणजे खालून कितवा थर, तिरपे म्हणजे आठांतली कुठली बाजू; त्या बाजूतला कितवा, ते नकाशातल्या लांबीवरून लागलं. ॲक्रॉइड तर पोरगा झाले होते; जेवायला जायचं विसरत. भिंती नाताळच्या आधी उभ्या राहिल्या. काही दगड बिनखुणेचे निघाले, ते मधल्या दुरुस्तीचे, ते अंदाजानं बसवले. यादीवाल्यांनी धुतलेल्या दगडाबद्दल आम्हाला कडक पत्र पाठवलं आणि पुढच्या महिन्यात त्या खुणांचे फोटो मागवले.

आत्याशी मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी, दसरा होऊन गेल्यावर, तिनं माझ्या डब्यात धपाटे भरून दिले आणि मी परत 'अगं' म्हणायला लागले. आमच्याकडं माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

पोस्ट उघडलं त्या दिवशी आत्यानं काउंटरवरच्या वजनकाट्याला कुंकू लावलं. डोरीन बघत होती. ती म्हणाली, "दर वर्षी लाव." आत्या इंग्लंडात रमली ती अशी. दर खंडेनवमीला तिला क्रॅगशॉला न्यावं लागायचं. दोघी मिळून काउंटर घासायच्या, मग खिडकीत बसून चहा प्यायच्या, एकमेकींच्या भाषेत एकमेकींना काहीबाही सांगत. घाव तर आता भिंतीच्या पोटात गेले होते, दिसत नव्हते. पण आत्या आल्यागेल्याला भिंतीवर हात ठेवून खुणेनं सांगायची, की आत आहेत, प्रत्येकात आहेत.

दहा-अकरा वर्षांनी आमच्या गावची जकात बंद झाली. भावाचं पत्र आलं. आत्यानं ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "मग नाका रिकामाच असंल आता." त्या दिवसापासून तिनं ध्यास घेतला. पोरांना अभ्यासाला खोली करता येईल. नाहीतर पोस्टाचं छोटं ऑफिस. रस्त्यात येत असेल तर मागं हलवू. मला हसू आलं नाही, कारण मलाही ते पटलं होतं. काळा घडीव दगड, चुन्यातलं काम, आढ्याला सागवान. गावी जाताना विमानात मी कागदावर अंदाजानं मापंसुद्धा मांडली. आत्या शेजारून बघत होती आणि मध्येच बोट ठेवून म्हणत होती, "इथं ह्यांची खुर्ची होती."

स्टॅंडवर उतरल्यावर ती घरी यायला तयार होईना. आधी नाका. रिक्षावाला तरुण होता. म्हणाला, "कुठला नाका, आजी?"

"जकातनाका. नदीकडचा."

"तिथं आता काय?" तो म्हणाला, पण घेऊन गेला.

तिथं आता काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला जमीन सपाट केलेली, तिच्यावर जेसीबीच्या चाकांचे ठसे, आणि टोकाला दगडांचा ढीग. ढिगातून एक ट्रॅक्टर भरला जात होता. ज्या वडाखाली मामा सायकल लावायचे तो वड होता. त्यावरून मला जागा कळली, नाहीतर कळली नसती. मी रिक्षात तशीच बसून राहिले. मापांचा कागद मांडीवर होता.

"परवाच पाडला," जेसीबीवाला म्हणाला. "एका दुपारचं काम. काय हरवलंय का तुमचं?"

आत्या उतरली. ऐंशीच्या घरातली बाई, चप्पल तिथंच राहिली तिची. ती सरळ ढिगापाशी गेली आणि खाली बसली. एक दगड तिनं जोर लावून उलटा केला. पाण्याच्या बाटलीतनं पदर ओला केला आणि दगडाचं वरचं अंग घासलं. मग कडेचं घासलं. माती गेली, काळा दगड दिसला. तिनं तो सोडून दुसरा घेतला. मग तिसरा.

मी तिच्यामागं जाऊन उभी राहिले.

"उजे," ती मान वर न करता म्हणाली, "तुला कळतं त्यातलं. बघ की जरा. ह्या लोकांनी आकडे कुठल्या अंगाला घातलेत?"

ट्रॅक्टर भरून निघाला. मी तिच्याशेजारी मातीत बसले आणि पुढचा दगड उलटा केला.